काम सुटलेल्या कामगाराला वेळेवरचा आधार

(गोव्यातील पंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका कार्यालयांतील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखाना बंद पडला, गिरणीचा भोंगा थांबला किंवा खाणीवरची यंत्रे उभी राहिली, की वर्तमानपत्रांत प्रथम उत्पादनाच्या नुकसानीचे आकडे येतात. कामगाराच्या घरातला हिशेब मात्र निराळा असतो. वाण्याची उधारी, मुलांची फी, पतसंस्थेचा हप्ता आणि म्हाताऱ्या माणसांचे औषध ही सारी त्याच महिन्यात दाराशी उभी राहतात. पगार थांबण्याची तारीख एक असते आणि मदत सुरू होण्याची तारीख दुसरी. या दोन तारखांमधील अंतर जसजसे वाढते, तसतसे ते कुटुंब खचत जाते. म्हणून बेकार झालेल्या कामगाराला द्यावयाचे साहाय्य आणि त्याचे पुनर्प्रशिक्षण यांचा विचार या अंतरापासूनच सुरू व्हावयास हवा.

गिरण्यांनी शिकविलेला धडा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील झाले होते. त्यांपैकी हजारो पुन्हा साच्यावर कधीच उभे राहिले नाहीत. कापडाचे उत्पादन थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळले. गिरणीतील विणकराला यंत्रमागावर काम मिळे, पण कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि पगारी रजा ही त्याची कमाई मागे राहून जाई. हाताचे कौशल्य तेच राहिले आणि त्याचे मोल मात्र घटले. पुनर्प्रशिक्षणाचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही. काम मिळणे आणि पूर्वीच्या तोलाचे काम मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इंदूरचा अनुभव याहून कठोर आहे. तेथील हुकुमचंद मिल १९९१च्या अखेरीस बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या रकमांचा प्रश्न न्यायालयांतून फिरत राहिला. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द करण्यात आला आणि सुमारे ४,८०० कामगारांच्या हक्काचा मार्ग मोकळा झाला. मधल्या काळात बत्तीस वर्षे उलटली होती. गिरणी बंद झाली तेव्हा जो कामगार पस्तीस वर्षांचा होता, तो आता सदुसष्ट वर्षांचा झाला होता. अनेक कामगार हयातच नव्हते. त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी कागदपत्रे पुढे केली. पैसा मिळाला हा न्यायच झाला. परंतु त्या पैशाने पस्तिसाव्या वर्षी जे दुकान थाटता आले असते, जी विद्या शिकता आली असती, ते वय परत मिळणार नव्हते.

योजनांचा प्रवास

शासनाने या प्रश्नाकडे पाठ फिरविली होती असे मात्र नाही. केंद्र सरकारने १५ सप्टेंबर १९८६ पासून कापड गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना सुरू केली. कायमच्या बंद झालेल्या गिरणीतील पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य देण्याची तीत तरतूद होती. कल्पना विचारपूर्वक आखलेली होती. साहाय्य पायरीपायरीने उतरत जावे आणि तेवढ्या अवधीत कामगाराने नवा व्यवसाय हस्तगत करावा, असा तिचा रोख होता. तथापि गिरणीत सलग पाच वर्षांची नोकरी, वेतनाची मर्यादा आणि गिरणीची विधिवत बंदी या अटी पुऱ्या झाल्याखेरीज पहिली पायरीही हाती येत नसे. बदली कामगाराला सलग नोकरीचा पुरावा देणे विशेष कठीण जाई. ही योजना १ एप्रिल २०१७ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन करण्यात आली.

नव्या आर्थिक धोरणाच्या पाठोपाठ फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन झाला. सल्ला, पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियोजन ही त्याच्या उद्दिष्टांत होती. प्रत्यक्षात निधीचा मोठा भाग स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा चुकविण्यात खर्ची पडला. रक्कम मोजून देणे सोपे असते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवे काम शिकविणे आणि ते मिळवून देणे याला चिकाटी लागते, आणि यंत्रणा अपुरी पडली ती तेथेच. पुढे केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतून कमी झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी २००१-०२ पासून स्वतंत्र योजना आखण्यात आली.

सहीपूर्वी विचार

आज कामगाराच्या हाती काय आहे, हे प्रत्येक शिक्षकाला आणि पंचायत सदस्याला ठाऊक असावे.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ रोजी सुरू झाली. कारखान्याची बंदी, कामगार-कपात किंवा कायमचे अपंगत्व यांमुळे काम गेलेल्या पात्र विमाधारकाला तीत बेकारी भत्ता ठेवलेला आहे. आरंभी तो सहा महिन्यांपुरता होता. पुढे मुदत वाढवून ती दोन वर्षांपर्यंत नेण्यात आली. त्यांत पहिल्या वर्षी वेतनाच्या निम्मा आणि दुसऱ्या वर्षी पाव भाग असे प्रमाण ठरले. भत्त्याच्या काळात कुटुंबाला वैद्यकीय उपचारांची सोयही ठेवली आहे. १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजनाही आली. तीत जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे साहाय्य मिळते. २०२० मध्ये त्याचे प्रमाण वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. कपात झालेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई देण्याचे जुने तत्त्व तीत कायम आहे. त्याखेरीज पुनर्कौशल्य निधीची नवी तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने शेवटच्या वेतनाच्या दराने पंधरा दिवसांची रक्कम निधीत भरावयाची आणि ती कपातीपासून पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची. पंधरा दिवसांच्या वेतनात एखादी विद्या पुरी शिकून होत नाही, हे खरे. पण ही रक्कम दिवसांच्या मुदतीने बांधलेली आहे, हे तिचे महत्त्व. शिवाय त्याच मालकाने वर्षाच्या आत पुन्हा भरती केली, तर कपात झालेल्यांना अग्रहक्क आहे.

येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. हे हक्क बहुतांशी ‘कपात’ किंवा ‘बंदी’ या शब्दांवर अवलंबून असतात. कामगाराने घाईगर्दीत राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली, की यांपैकी पुष्कळ दारे बंद होतात. पुढे आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो शिक्षकाकडून, संघटनेकडून किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून समजून घ्यावा. एका सहीने वीस वर्षांची सेवा कोणत्या सदरात पडेल, हे ठरते.

पुनर्प्रशिक्षण : कशाचे आणि कोणासाठी?

पुनर्प्रशिक्षण म्हटले, की कामगाराला कोऱ्या पाटीसारखे समजण्याची चूक होते. वीस वर्षे साचेखात्यात काढलेल्या माणसाला यंत्राचा आवाज बदलला की बिघाड कळतो. खाणीवर अवजड वाहन चालविणाऱ्याला इंजिन, ब्रेक आणि टायर यांची उत्तम जाण असते. त्याच्याजवळ विद्या असते, कागद नसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वी मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली, ती याच गरजेतून. प्रथम आहे त्या कौशल्याला मान्यता आणि नंतर उणीव भरून काढणारे थोडक्या मुदतीचे शिक्षण, हा क्रम प्रौढ कामगाराला मानवतो.

प्रौढ कामगाराच्या शिक्षणाची आपल्याकडील परंपराही जुनी आहे. श्रमिक विद्यापीठ ही संस्था प्रथम १९६७ मध्ये मुंबईच्या वरळी भागात सुरू झाली. कामगाराच्या वेळेला आणि गरजेला जुळवून घेणारे शिक्षण हे तिचे सूत्र होते. आज अशा संस्था जन शिक्षण संस्थान या नावाने चालतात. ग्रामीण भागासाठी दुसरा धडा १९८२ मध्ये कर्नाटकातील धर्मस्थळानजीक उजिरे येथे सुरू झालेल्या स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेने घालून दिला. अल्पमुदतीचे शिक्षण, मग बँकेच्या कर्जाशी सांगड आणि त्यानंतर दीर्घकाळ पाठपुरावा ही तिची पद्धत. पुढे देशभर बँकांनी चालविलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था याच नमुन्यावर उभ्या राहिल्या. प्रमाणपत्र वाटपाच्या समारंभानंतरच प्रशिक्षणाची खरी कसोटी सुरू होते, हे या पद्धतीने ओळखले.

अडचण उरते ती वयाची. पुष्कळ योजना तरुण उमेदवार डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या असतात. अठ्ठेचाळीस वर्षांचा गृहस्थ विशीतल्या मुलांच्या बाकावर बसावयास संकोचतो, आणि प्रशिक्षणाच्या काळात घर कोणी चालवावे हा त्याचा प्रश्नही रास्त असतो. अशांसाठी सायंकाळचे वर्ग, समवयस्कांची तुकडी आणि शिकण्याच्या काळात विद्यावेतन या गोष्टी आवश्यक ठरतात.

नोंदवहीबाहेरची माणसे

गोव्याला हा प्रश्न परका नाही. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये अटींसह बंदी उठविली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने नूतनीकरण केलेले पट्टे रद्द झाले आणि १६ मार्च २०१८ पासून काम पुन्हा बंद पडले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांतील घरांना सहा वर्षांत दोनदा तोच धक्का बसला. २०२२च्या अखेरीस पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत काम पुन्हा सुरू झाले.

खाण कंपनीच्या पटावरील कामगाराला काही कायदेशीर संरक्षण होते. पण कर्ज काढून ट्रक घेतलेला मालक, त्याचा चालक, बार्जवरील खलाशी, गॅरेजवाला, वाटेवरच्या खानावळीची मालकीण यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. राज्य शासनाला ट्रकमालकांसाठी आणि कर्जदारांसाठी निराळ्या योजना कराव्या लागल्या, त्या या कारणाने. २०१५ पासून खनिज कायद्याखाली जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणबाधित भागातील कौशल्यविकास ही त्यांच्या निधीच्या अग्रक्रमाच्या बाबींपैकी एक आहे. पंचायतींनी या बाबीची मागणी ठरावाद्वारे आवर्जून करावी.

नोंदीबाहेरच्या माणसाला उभे करता येते, याचे उदाहरण गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावात घालून दिले. संपाच्या काळात कामगारांचे पगार थांबले, तरी खानावळ चालविणाऱ्या बायांनी त्यांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः सावकारी व्याजात बुडाल्या. प्रेमाताईंनी त्यांना एकत्र आणून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली. पुरुषाचे काम गेले की घर पुष्कळदा बाईच्या कष्टावर तगते. म्हणून प्रशिक्षणाचे आणि कर्जाचे अर्ज घरातील स्त्रीच्या नावेही भरले गेले पाहिजेत.

पहिल्या महिन्यातली कामे

स्वीडनमध्ये मालकांच्या आणि पगारदारांच्या संघटनांनी करार करून १९७४ मध्ये रोजगार-सुरक्षा परिषद स्थापन केली. तिचे वैशिष्ट्य असे, की नोटीस हाती पडताच, म्हणजे नोकरी प्रत्यक्ष संपण्यापूर्वीच, सल्लागार कामगाराला भेटतो. तेथील संपत्ती आपल्याजवळ नाही; पण लवकर भेटावयास संपत्ती लागत नाही.

बंदीची वार्ता येताच काही कामे गावातच करता येतील. पंचायतीने काम गेलेल्यांची यादी करावी. तीत कंत्राटी आणि रोजंदारीची माणसेही असावीत. शिक्षकांनी शाळेत दोन सायंकाळी बसून वेतनपत्रके, विमा क्रमांक, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ओळखपत्र आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती जमवून द्याव्यात. कार्यालय बंद पडल्यावर हेच कागद दुर्मीळ होतात. अधिकाऱ्यांनी कामगाराला सहा खिडक्यांवर धाडण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस गावात एकत्र बसावे आणि प्रत्येक अर्जाची पोच द्यावी. मुख्याध्यापकांनी त्या घरांतील मुलांच्या हजेरीकडे लक्ष ठेवावे. बापाची नोकरी गेल्यावर मुलाची शाळा सुटली, तर एका पिढीचे नुकसान दोन पिढ्यांना भोगावे लागते.

आणि ग्रामस्थांनी एक करावे. काम गेलेला माणूस देवळात, लग्नकार्यात, बाजारात येईनासा होतो, कारण प्रत्येक जण त्याला ‘सध्या काय करता?’ असे विचारतो. त्याचे काम गेले ते बहुधा त्याच्या आळसाने नव्हे. बाजाराने, न्यायालयाच्या निर्णयाने वा यंत्राच्या बदलाने गेलेले असते. त्याला गावाच्या कामात पूर्वीसारखेच बोलवावे.

योजना दिल्लीत आणि पणजीत आखल्या जातात. त्या कामगाराच्या घरी कोणत्या तारखेला पोचतात, हे गावातली माणसे ठरवितात. ती तारीख जितकी अलीकडे आणता येईल, तितकी आणावी.