गाजर गवताचा सातबारा



पत्रिकेवर आजचा विषय ‘ॲलर्जी आणि शासनाचे धोरण’ असा छापला आहे. तो वाचून निम्मी मंडळी घरीच थांबली असतील, तर त्यांना बोल लावता येणार नाही. ॲलर्जी हे शहरातल्या, एसीत बसणाऱ्यांचं नाजूक दुखणं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. रानात राबणाऱ्याला कसली आली ॲलर्जी? त्याला खाज सुटते, नायटा होतो, पडसं होतं, धाप लागते. दवाखान्याच्या वहीतही बहुतेक वेळा हेच लिहिलं जातं.

या माणसाला शोधायचं असेल तर पाटाच्या भरावावर चला. खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यातून पुढे जातो, चासकमानचा शिरूरमध्ये येतो. त्यांच्या कडेला, चाऱ्यांवर, गावठाणात, रेल्वेच्या हद्दीत आणि कारखान्यांच्या कुंपणाबाहेर, पाऊस पडला की एक पीक न पेरता जोमात येतं. गाजर गवत.

या गवताची भारतातली कुप्रसिद्धी आपल्याच जिल्ह्यातून सुरू झाली. पन्नाशीच्या दशकात पुण्यातल्या कचऱ्याच्या ढिगांवर ते दिसलं आणि १९५६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. अमेरिकेच्या पीएल-४८० करारातल्या गव्हाबरोबर ते आलं, म्हणून ते ‘काँग्रेस गवत’, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण तो करार १९५४ चा, आणि या झाडाचे भारतातले वाळवलेले नमुने एकोणिसाव्या शतकातलेही सापडतात. तेव्हा सगळं खापर गव्हाच्या पोत्यावर फोडण्यात अर्थ नाही. आपल्या उकिरड्यांनी आणि पडीक जागांनीही त्याची चांगली बडदास्त ठेवली. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं, आणि ओल असेल तर वर्षात तीन-चार पिढ्या उरकतं.

याच पुण्यातल्या रुग्णांवरून त्वचारोगतज्ज्ञांनी सत्तरच्या दशकात या गवताच्या चर्मदाहाचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत छापलं. गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते अंगावरच्या बारीक लवेत असतं, वाळल्यावर धुळीबरोबर उडतं. म्हणजे गवताला हात लावायलाच हवा असं नाही. पापण्या, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी, जिथे धूळ बसते आणि घाम साचतो, तिथे कातडी लाल होते, चिघळते, मग जाड आणि काळी पडते. काहींना पुढे ऊनही सोसवत नाही. शेतकऱ्याला ऊन सोसवेना म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पराग नाकात गेले की शिंका, डोळे चुरचुरणं, काहींना दमा. शेवंती आणि सूर्यफूल याच गवताचे भाऊबंद, म्हणून एकाचं वावडं लागलं की पुष्कळांना दुसऱ्याचंही लागतं. शेवंतीच्या तोडणीवर ज्याचं घर चालतं, त्याने दसऱ्याच्या तोंडावर काय करायचं?

तो बहुधा आधी मेडिकलमध्ये जातो. नायट्याचं म्हणून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणतो. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. नियमाला कोण विचारतो! चार दिवस बरं वाटतं, मग दुखणं दुपटीने उलटतं.

आता धोरणाकडे येतो. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातल्या कामगाराला रसायनाच्या संपर्काने चर्मदाह झाला, तर डॉक्टरने तो सरकारला कळवलाच पाहिजे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता, तिथे ॲलर्जी आणणाऱ्या द्रव्यांचा स्पष्ट उल्लेख होता, आणि नव्या श्रमसंहितेतही ही यादी आली आहे.  पण त्याच कारखान्याच्या कुंपणापलीकडे उघड्या हातांनी खुरपणाऱ्या बाईला गाजर गवताने तसाच चर्मदाह झाला, तर ती या यादीत नाही. कळवायचं कोणी, कोणाला आणि कोणत्या नमुन्यात, काहीच ठरलेलं नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत ॲलर्जी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, ही चांगली गोष्ट आहे. पण ती योजना मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णासाठी आहे. ॲलर्जीचा माणूस दाखल होत नाही. तो वर्षानुवर्षं येत-जात राहतो.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, हेही खरं. तरी नेमकं वावडं कशाचं, हे ठरवायला पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात. पट्टी दोन दिवसांनी काढायची, पुढे पुन्हा एकदा दाखवायचं. म्हणजे पुण्याला दोन-तीन खेपा. तपासणी फुकट असली तरी रोज बुडतो. महिन्यातून एकदा त्वचातज्ज्ञ तालुक्याला आला, तर हा खर्च सरकारलाही परवडेल आणि रुग्णालाही.

मोजता येत नाही, अशी सबब मला पटत नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचा ग्रामीण प्रकल्प आहे. शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांत घरोघरच्या लोकसंख्येची आणि आरोग्याची नोंद तो २००२ पासून ठेवतो आहे. ज्या तालुक्यात हे होऊ शकतं, तिथे आशाताईच्या वहीत ‘गाजर गवताची खाज’ असा एक रकाना वाढवणं अवघड नाही.

पण मलमं आणि रकाने ही झाली मागची बाजू. दुखण्याचं मूळ जमिनीत आहे, आणि जमीन कोणाची, इथेच घोडं पेंड खातं. पाटाचा भराव जलसंपदाचा, रस्त्याची कड बांधकाम खात्याची, रुळांलगतची पट्टी रेल्वेची, गायरान महसूलचं, गावठाण पंचायतीचं. बी मात्र हद्द पाहून पडत नाही. शेतकरी आपला बांध साफ करतो आणि पाट पुढच्या पाळीला नवं बी आणून देतो.

आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत पंचायतीची कामं दिली आहेत. त्यांत उकिरडे हटवणं, झाडोरा काढणं आणि निवडुंग काढणं असा उल्लेख आहे. एके काळी फड्या निवडुंगाने दक्षिणेतली रानं व्यापली होती. १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किडीने त्याचा पुष्कळसा नायनाट केला, तरी कायद्यात तो राहिला. गाजर गवताचं नाव मात्र त्यात नाही, आणि कायदा झाला तेव्हा ते पुण्यात दाखल झालेलं होतं! कर्नाटकाने १९७५ मध्येच त्याला कायद्याने उपद्रवी तण ठरवलं. नुसतं ठरवून काही होत नाही, हे तिथल्या रस्त्यांच्या कडांवरून दिसतंच. पण नाव नसेल तर नोटीसही काढता येत नाही.

युरोपात याच कुळातलं ॲम्ब्रोसिया नावाचं तण आहे. त्याच्या परागांनी तिथे लोक बेजार होतात. हंगेरीत जमीनमालकाने ३० जूनपर्यंत ते फुलू न देता काढलं पाहिजे, नाहीतर दंड. स्वित्झर्लंडने २००६ मध्ये ते दिसलं की कळवणं आणि उपटणं सक्तीचं केलं. आपल्याकडे जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह होतो. हेतू चांगला, पण जूनच्या पावसावर उगवलेलं आपल्याकडचं गवत तोवर पांढरंशुभ्र फुललेलं असतं. शाळेची पोरं उघड्या हातांनी ते उपटतात, फोटो निघतात, आणि परागात उभ्या राहिलेल्या त्यातल्या एखाद्याला पुढे आयुष्यभराचं वावडं जडू शकतं. असलं श्रमदान नको. उपटायचं तर फुलोऱ्याआधी, ओल्या जमिनीत, हातमोजे घालून, अंग झाकून. ज्याला आधीच त्रास आहे त्याने तिकडे फिरकू नये.

मेक्सिकन भुंगे आहेतच. १९८४ मध्ये बंगळुरूला ते पहिल्यांदा सोडले गेले. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात आणि कोरड्या दिवसांत जमिनीत जाऊन झोपतात, म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. पडीक जागेत पावसाच्या तोंडावर टाकळ्याचं बी फेकलं तर तो गाजर गवताला मागे रेटतो, वर भाजी मिळते.

आता जीव जाण्याची गोष्ट. मधमाश्या चावल्या, इंजेक्शनची रिॲक्शन आली, शेंगदाणा बाधला, की काही जणांचा घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. त्यावर पहिलं औषध ॲड्रिनॅलिन, मांडीच्या स्नायूत. त्याची कुपी स्वस्त आहे आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. सर्पदंशाची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिचीही रिॲक्शन येते, म्हणून ती देताना ॲड्रिनॅलिन भरून ठेवावं लागतं. २०२१ मध्ये करोनाची लस घेतल्यावर अर्धा तास आपल्याला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, आठवतं? ते याचसाठी. गावोगाव, शाळांत, मंगल कार्यालयांत त्या वेळी ही दक्षता जमली. आता ऊसतोडीच्या फडात आग्या मोहोळ उठलं, तर जवळच्या उपकेंद्रात कुपी असेल का, आणि ती टोचण्याची मुभा कोणाला असेल? हे आरोग्य अधिकाऱ्याला विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. २०२० च्या नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणा, दूध, गहू, सोया वगैरे आहे की नाही हे छापावंच लागतं. पण ते इंग्रजीत किंवा हिंदीत चालतं, मराठीची सक्ती नाही. शाळेतल्या खिचडीला तर पाकीटच नाही. मुलाला दाण्याच्या कुटाचं वावडं असेल तर पालकांनी मुख्याध्यापकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या ताईंना लेखी द्यावं.

एक मेची ग्रामसभा तोंडावर आली आहे. तिथे एक ठराव मांडा: गावाच्या हद्दीतलं गाजर गवत फुलण्याआधी, जुलै उजाडण्याच्या आत, ज्याची जमीन त्या खात्याने काढावं, उपकेंद्रात ॲड्रिनॅलिन ठेवावं, आणि या त्रासाच्या रुग्णांची नोंद व्हावी. त्याच्या प्रती जलसंपदा, बांधकाम, रेल्वे, तहसीलदार आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना स्वतः नेऊन द्या, आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.