एचपीव्हीची लस आणि आपला महाविद्यालयीन विद्यार्थी

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. तरी हा विषय मीच कार्यकारिणीकडून मागून घेतला. का, ते ओघात येईलच.

मेळाव्यापूर्वी आपल्या अभ्यासिकेत मी मुलामुलींकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. एचपीव्ही म्हणजे काय, आणि त्याची लस घ्याल काय, एवढेच विचारले होते. पुष्कळ चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. काहींनी हा एड्सचा विषाणू म्हणून लिहिले. तो एचआयव्ही, हा वेगळा. एका मुलाने लिहिले, "हा मुलींचा विषय आहे." आणि एम. ए. करणाऱ्या एका मुलीने लिहिले, "लस घेतली हे घरी कळले तर काय म्हणतील?" या मुलीला माहिती सगळी होती. माहितीने तिचे काम भागत नव्हते.

एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, हा शरीरसंबंधातून पसरणारा अत्यंत सर्वसाधारण विषाणू आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात तो टिकून राहतो आणि पुढे अनेक वर्षांनी स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. सुमारे ७० टक्के रोग्यांत त्याचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कारण असतात. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखावर स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार दगावल्या. पुरुषांनाही या विषाणूमुळे घशाचा व गुप्तांगाचा कर्करोग होऊ शकतो. तेव्हा तो मुलींचाच विषय आहे, हे खरे नव्हे. आयुष्यभर एका नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही हा रोग होतो. मग यात चारित्र्याचा प्रश्न येतो कोठे?

माझ्या आईला पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्यावर पुन्हा रक्तस्राव सुरू झाला. तिने तो कोणास सांगितला नाही. रात्री उशिरा मोरीत ती कपडे धूत असे, हे मी पाहिले होते. बँकेत नोकरी करणारा, शिकलेला मुलगा मी. पण आईला असे कसे विचारावे? दवाखान्यात नेले तेव्हा रोग पसरला होता. पुढे माझ्या मुलीने बी. ए.च्या पहिल्या वर्षी ही लस घेऊ का म्हणून विचारले, तेव्हा मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे, मग पाहू." परीक्षेचा काही संबंध नव्हता. मला लाज वाटली होती.

दुसऱ्या काही चिठ्ठ्यांत भीती होती, "आपल्यावर प्रयोग तर करीत नाहीत ना?" या प्रश्नाला हसू नये. २००९ साली आंध्र प्रदेश व गुजरातमध्ये एका प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांत वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली पुष्कळ होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली प्रकल्प थांबविला. चौकशीत हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे आढळले नाही. सर्पदंश, बुडणे, मलेरिया अशी कारणे निघाली. परंतु संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचेही उघड झाले, आणि संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष ठरली, पण देण्याची रीत सदोष होती. आमच्या बँकेत दुसऱ्याची सही चालत नाही. गरिबाच्या मुलीच्या दंडाला सुई टोचताना ती का चालावी? म्हणून विचारा, वाचा, शंका फेडून घ्या आणि मग स्वतः निर्णय करा. १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना तो अधिकार आहेच.

लशीचा उत्तम काळ ९ ते १४ वर्षे. तरी तुमच्या वयातही, २६ वर्षांपर्यंत, ती घेता येते. डोस किती, ते डॉक्टर वयानुसार सांगतील. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. मात्र आधी झालेला संसर्ग लशीने बरा होत नाही. म्हणून तिशीनंतर तपासणी हवीच, आणि तुमच्या आयांना तर अगत्याने हवी.

या तपासणीचा पुरावा आपल्या मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून खेड्यांतील लाखावर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली होती, त्यातील ३४ हजार स्त्रियांपैकी आठ वर्षांत ३४ या रोगाने गेल्या. तशी तपासणी न दिलेल्या ३१ हजारांपैकी ६४ गेल्या. त्या बहुतेक शेतात राबणाऱ्या बाया. त्या पुढे आल्या, मग आपण शहरात राहून का लाजावे?

माझ्या मुलीने लस घेतली. दंड दोन दिवस दुखला, एवढेच. तिची आई मात्र तपासणीचे नाव काढताच विषय बदलते. येत्या दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी आहे, त्या दिवशी तिला घेऊन जाण्याचे ठरविले आहे. कोणाच्या आईला सोबत हवी असेल, तर मेळावा संपल्यावर मला भेटा. मी दाराजवळच्या टेबलाशी आहे.

जयभीम.