स्टिरॉइडची मात्रा उतरवितांना

राजारामपुरींतील एखादें घर क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. गल्ल्यांना नांवांऐवजीं क्रमांक असलेली ती कोल्हापुरची सुशिक्षित वस्ती. घरांतील आईंची साठी उलटलेली. आमवात जडून चार वर्षें झालेलीं. पहांटे बोटें मिटत नसत, वेणी घालवत नसे, भाकरी थापणें तर सुटलेंच होतें. डॉक्टरांनीं प्रेडनिसोलोन हें स्टिरॉइड सुरू केलें आणि आठवड्याभरांत परात पुन्हा त्यांच्या पुढ्यांत आली. गोळी मात्र पुढें तशीच चालू राहिली. चेहरा गोल झाला, रक्तांतील साखर चढली. एके दिवशीं मुलगा म्हणाला, "आई, तुझे हात आतां बरे आहेत. तें स्टिरॉइड तेवढें टाकून दे. फार वाईट असतें म्हणतात." आईंनीं सोमवारपासून गोळी बंद केली. शनिवारीं त्यांना अंथरुणावरून उठवेना. मळमळ, घेरी, सर्वांग ठणकत असलेलें, रक्तदाब उतरलेला.

हें घर कल्पनेंतलें आहे. दुखणें मात्र कल्पनेंतलें नव्हे.

मुलाच्या मनांतील भीति अगदींच निराधार होती, असें म्हणतां येणार नाहीं. २०२१ सालीं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस या रोगानें महाराष्ट्रांत कित्येकांचे डोळे आणि जबडे घेतले. वाढलेली साखर आणि बेसुमार स्टिरॉइड यांची जोडी त्यामागें होती. पण त्याच वर्गांतील डेक्सामेथासोन बेताच्या मात्रेंत दिल्यास प्राणवायु लागणारे रुग्ण वांचतात, हें २०२० सालीं ब्रिटनमधील मोठ्या चाचणींत दिसून आलें होतें. दीर्घकाळ घेतलेलें स्टिरॉइड हाडें ठिसूळ करतें, डोळ्यांत मोतीबिंदु आणतें, जंतूंना वाट मोकळी करून देतें. तेव्हां मात्रा उतरवावी, हें मुलाचें म्हणणें खरेंच होतें. चुकली ती उतरण्याची रीत.

या औषधाचा जन्म मोठा नाट्यमय आहे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिक या संस्थेंत फिलिप हेंच यांनीं २१ सप्टेंबर १९४८ रोजीं आमवातानें जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला पहिलें इंजेक्शन दिलें. द्रव्य होतें त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल यांनीं वेगळें काढलेलें, पुढें कॉर्टिसोन या नांवानें प्रसिद्धीस आलेलें. थोड्याच दिवसांत ती स्त्री चालूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. जगानें टाळ्या वाजविल्या त्या पांगळ्यांना चालतें करणाऱ्या औषधासाठीं. तें बंद करतांच दुखणें परत येतें, ही गोष्ट हेंच यांना आरंभींच दिसली होती; तिकडे लोकांचें लक्ष उशिरानें गेलें.

आतां शनिवारीं त्या बाईंना काय झालें? दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहानशी ग्रंथि असते. तिला अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. शरीराचा स्वतःचा स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, ती रोज तयार करते. सर्वसाधारण माणसाची दिवसाची गरज प्रेडनिसोलोनच्या सुमारें ५ मिलीग्रॅमच्या बरोबरीची असते. हें काम मेंदूच्या बुडाशीं असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या हुकमानें चालतें. बाहेरून भरपूर माल येऊं लागला कीं हुकूम थांबतो आणि अधिवृक्क ग्रंथि बसून खाऊं लागते. कोल्हापुरकरांना हें वेगळें समजावयास नको. तालमींत रोज जोर-बैठका मारणारा मल्ल दोन-तीन वर्षें घरीं बसला, तर त्याचे दंड उतरतात. त्याला एकाएकीं खासबागेच्या हौद्यांत उतरवून तगड्या जोडीशीं भिडविणारा वस्ताद वस्तादच नव्हे. बसून राहिलेली ग्रंथीही अशीच आक्रसते, आणि तिला पुन्हा उभें राहावयास कित्येक महिने, क्वचित् वर्षाहूनही अधिक काळ लागतो. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइड घेतलेल्या कोणाही माणसानें तें एकदम सोडूं नये, असें डॉक्टर बजावतात तें यासाठींच.

म्हणून पायऱ्या. मात्रा मोठी असतांना त्या उंच असल्या तरी चालतात. ४० वरून ३० वर येणें बहुधा निभतें. खरें अवघड असतें तें खालचें टोंक. ५ च्या आसपास आल्यावर उरलेला भार शरीरानें स्वतः उचलावयाचा असतो. तेथें महिन्याला १ मिलीग्रॅम, किंवा त्याहूनही संथ, अशी चाल ठेवावी लागते. आपल्याकडे ५ ची गोळी अर्धी करून एक दिवस ५, एक दिवस अडीच, असाही मार्ग कांहीं डॉक्टर काढतात. "आतां उरलेंच किती!" म्हणून नेमकें याच ठिकाणीं माणसें घाई करतात.

दुसरी फसगत याहून सूक्ष्म आहे. मात्रा उतरली कीं अंग दुखतें, थकवा येतो, मन खिन्न होतें. हा मूळ रोग उलटला, कीं शरीर सवय सोडतांना कुरकुरत आहे? सांधे सुजले, सकाळचा ताठरपणा तास-तास टिकूं लागला, रक्तांतील दाहाच्या खुणा वाढल्या, तर रोगाकडे बोट जातें. सूज नसतां नुसता ठणका असला, तर थोडें थांबल्यानें तो पुष्कळदां ओसरतो. मळमळ, घेरी आणि उतरलेला रक्तदाब यांचा अर्थ मात्र निराळा. तेथें थांबून पाहूं नये. सकाळीं आठच्या सुमारास रक्तांतील कॉर्टिसॉल मोजून ग्रंथि जागी झाली कीं नाहीं, हेंही पाहतां येतें.

मात्रा शून्यावर येणें सर्वांनाच साधतें असें नाहीं. २०२० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एका चाचणीचा निष्कर्ष आला. आमवात आटोक्यांत असलेल्या २५९ रुग्णांपैकीं कांहींना रोज ५ मिलीग्रॅम चालू ठेवलें, कांहींचें महिन्याला १ याप्रमाणें उतरवून बंद केलें. दोघांनाही दुसरें एक प्रभावी औषध चालू होतें. चालू ठेवणाऱ्यांत शेंकडा ७७ जणांचा रोग नीट आवरलेला राहिला, बंद करणाऱ्यांत शेंकडा ६५. फरक आहे, पण तिघांपैकीं जवळजवळ दोघे स्टिरॉइडवांचून सुखानें राहिले. ज्यांना जमलें नाहीं त्यांचा तो दोष मानूं नये.

आणखी एक गोष्ट. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळीं निरोगी ग्रंथि कामाचा वेग वाढविते. निजलेली वाढवूं शकत नाहीं. म्हणून अशा दिवसांत डॉक्टर मात्रा तात्पुरती वाढवितात, आणि उलट्यांनीं गोळी पोटांत ठरत नसेल तर इंजेक्शन देतात. दांत काढावयाचा असला तरी स्टिरॉइड चालू असल्याचें आधीं सांगावें. तशी एक चिठ्ठी पाकिटांत असली तर बोलण्याचीही गरज उरत नाहीं. वातावरच्या निनांवी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें अनेकदां आढळलें आहे. अशी पुडी वर्षभर खाऊन एके दिवशीं सोडणाऱ्या बिचाऱ्याला आपण काय सोडलें, हेंही ठाऊक नसतें.

त्या बाईंना रुग्णालयांत शिरेवाटे औषध मिळालें, त्या सावरल्या आणि गोळी पुन्हा सुरू झाली. आतां स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर मुलगा स्वतःच्या हातानें मात्रा लिहितो. एका चौकोनांत ५, पुढच्यांत अडीच. महिन्याच्या शेवटीं डॉक्टरांकडे जावयाचें असतें, म्हणून पुढच्या महिन्याचे आंकडे तो शिसपेन्सिलीनें घालतो.