ख्रिस्ती मनुष्यानें कशास हंसावें ?



ख्रिस्ती मनुष्यानें करमणुकीच्या ठिकाणीं कशास हंसावें व कशास हंसूं नये, या विषयावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी आयुष्यभर शाळामास्तर होतों. धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. विषय आम्हां ख्रिस्ती लोकांचा असला, तरी ज्या दोषाविषयीं मी बोलणार तो इतर धर्मीयांत मुळींच नसेल असें नाहीं. म्हणून सर्वांनींच हें भाषण आपलें समजून ऐकावें, अशी विनंति आहे.

प्रथम माझीच एक गोष्ट सांगतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम तपासण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. मुलांनीं एक प्रहसन बसविलें होतें. एक खादाड पाद्री एका गरीब कुटुंबाच्या घरीं प्रार्थनेस येतो आणि प्रार्थना आटपून त्यांची एकुलती एक कोंबडी फस्त करून जातो, असा त्यांत प्रवेश होता. मीं तो तांबड्या शाईनें खोडून टाकला व धर्मोपदेशकाची थट्टा येथें चालणार नाहीं, असें मुलांस खडसावून सांगितलें. संमेलनाच्या रात्रीं एका हुशार मुलानें शाळेच्या शिपायाची नक्कल केली. हा शिपाई बोलतांना अडखळत असे. मुलानें तें अडखळणें असें हुबेहूब उठविलें कीं, सारें सभागृह हंसूं लागलें. पहिल्या रांगेंत बसून मीही डोळ्यांस पाणी येईपर्यंत हंसलों. नक्कल संपून पडदा पडला, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, पडद्याची दोरी ओढण्याचें काम त्या शिपायाकडेच होतें.

त्याची क्षमा मागावयास मला आठ दिवस लागले. तो म्हणाला, "पोरं हंसली त्याचं कांहीं नाहीं, मास्तर. पण तुम्ही—" पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाहीं. तो नेहमींप्रमाणें अडखळला, कीं त्यास पुढें बोलावेंसेंच वाटलें नाहीं, हें मला आजतागायत कळलेलें नाहीं.

मीं पाद्र्याचा प्रवेश कां खोडला ? प्रामाणिकपणें सांगावयाचें तर त्यांत नीतीचा भाग थोडा व अभिमानाचा फार होता. पाद्र्याची थट्टा माझ्या घरावर येत होती. शिपायाची येत नव्हती.

हा दोष एकट्या माझा नाहीं. अमेरिकेंतील चित्रपटव्यवसायानें इ. स. १९३० मध्यें एक नीतिसंहिता स्वीकारली. तिच्या मसुद्यांत डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरु व मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक यांचा मुख्य हात होता. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखालीं तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली, व त्याच सुमारास लक्षावधि कॅथलिकांनीं अनीतीचीं चित्रें न पाहण्याची प्रतिज्ञा केली. कोणत्याही धर्माची टवाळी करूं नये, असा संहितेंत नियम होता. तो चांगलाच होता. धर्मोपदेशकास विदूषक किंवा खलपुरुष करूं नये, असाही नियम होता. परंतु त्याच संहितेनें गोऱ्या व काळ्या वर्णांच्या स्त्रीपुरुषांचे संबंध दाखविण्यास मनाई केली होती. आणि तिच्या अमलांत आळशी, भित्रा, मंदबुद्धीचा काळा नोकर पडद्यावर येऊन प्रेक्षकांस हंसवून जात असे, त्यास कोणाची आडकाठी नव्हती. १९६८ मध्यें ही संहिता जाऊन चित्रांच्या वर्गीकरणाची पद्धत आली. त्या धर्मगुरूंच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. पण वस्त्राची लांबी मोजणाऱ्या डोळ्यांस माणसाची विटंबना दिसली नाहीं, एवढें खरें.

दुसरें उदाहरण इंग्लंडांतील आहे. १९७९ मध्यें 'लाइफ ऑफ ब्रायन' नांवाचा विनोदी चित्रपट निघाला. येशूच्या शेजारच्या गोठ्यांत जन्मलेल्या ब्रायन नांवाच्या मनुष्यास लोक चुकून मसीहा समजतात, अशी त्याची कथा. आंधळेपणानें कोणाच्याही मागें धांवणारे लोक हाच आपल्या थट्टेचा विषय आहे, असें कर्त्यांचें म्हणणें होतें. परंतु त्यांतील शेवटचा क्रूसाचा देखावा अनेक भाविकांच्या जिव्हारीं लागला. मलाही तो रुचत नाहीं. नॉर्वे व आयर्लंड या देशांत चित्रपटावर बंदी आली. इंग्लंडांतील कांहीं स्थानिक मंडळांनींही मनाई केली. आणि त्यांपैकीं कांहींच्या हद्दींत चित्रपटगृहच नव्हतें! त्याच वर्षीं बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर लेखक माल्कम मगरिज व साउथवर्कचे बिशप मर्व्हिन स्टॉकवूड यांचा चित्रपटाच्या कर्त्यांशीं वाद झाला. हे दोघे उशिरां पोहोंचल्यामुळें चित्रपटाचा आरंभींचा भाग त्यांनीं पाहिलाच नव्हता, असें मागाहून सांगण्यांत आलें. येशू व ब्रायन हे दोघे निराळे आहेत, हें स्पष्ट होतें तें नेमकें त्याच भागांत.

निषेध करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. पण अर्धा धडा वाचून उत्तर देणाऱ्या मुलास आपण वर्गांत उभें करतों. तोच न्याय वडीलधाऱ्यांसही लागू व्हावा.

कोणी म्हणतात, हंसणेंच वाईट. आणि पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा दाखला देतात. पौलानें तेथें अमंगळ व टवाळ भाषणाचा निषेध केला आहे, हें खरें. परंतु स्वतः प्रभु येशूनें, डोळ्यांत मुसळ घेऊन दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढावयास निघालेल्या मनुष्याचें चित्र लोकांपुढें उभें केलें. चिलट गाळून उंट गिळणारे शास्त्री व परूशी दाखविले. तें ऐकून गालिलांतील कोळी व शेतकरी हंसले नसतील, असें मला वाटत नाहीं. मात्र हा विनोद कोणावर होता तें पाहावें. आंधळे, लंगडे, कोडी यांच्यावर तो नव्हता. स्वतःस धार्मिक म्हणविणाऱ्यांवर होता. म्हणजे आज माझ्यासारख्यांवर होता.

आपल्या महाराष्ट्रांत अशा निर्मळ हंसण्याचा कित्ता लक्ष्मीबाई टिळकांनीं घालून दिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनीं १९०० मध्यें. १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्या वडिलांच्या सोंवळ्यास हंसतात, पतीच्या विक्षिप्तपणास हंसतात, आणि सर्वांपेक्षां अधिक स्वतःस हंसतात. जो धर्म सोडला त्याची कुचेष्टा त्या करीत नाहींत. जो धरला त्यांतील माणसांचे दोषही झांकीत नाहींत. दोन्हीकडे माप एकच.

तें एकच माप आपल्याही हातीं असावें, म्हणून नाटक, चित्रपट किंवा हल्लीं मोबाईलवरून घरोघर फिरणारे विनोद यांच्यापुढें मी स्वतःस तीन प्रश्न विचारतों. मीं हें समग्र पाहिलें आहे काय ? येथें पाद्र्याच्या जागीं भटजी किंवा मौलवी असता, तर मी हंसलों असतों काय ? आणि ज्यास सर्व हंसत आहेत, तोच पडद्याची दोरी धरून उभा असेल, तर मला हंसवेल काय ?

या प्रश्नांनीं माझें हंसणें बंद पडलें नाहीं. तो खोडलेला प्रवेश आज माझ्यापुढें आला, तर मी तो राहूं देईन. खादाड उपदेशक जगांत आहेत, आणि त्यांचें हंसें झाल्यानें ख्रिस्ताच्या धर्मास कांहीं उणें येत नाहीं. तांबडी शाई मी त्या नकलेकरितां राखून ठेवीन.