भाड्याने द्यायच्या घराची दुरुस्ती : आधी काय, मग काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली, म्हणजे आपल्या पाइपांनाही २५ वर्षं झाली! बऱ्याच जणांची मुलं आता बाहेरगावी आहेत, फ्लॅट भाड्याने द्यायचे आहेत. मी काही इंजिनिअर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पण या कामात एकदा सपशेल चुकलो, ते सांगतो.

आईच्या पश्चात तिचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं. हातात दीड लाख रुपये होते. मी हॉलला फॉल्स सीलिंग केलं, रंगीत दिवे लावले आणि बाथरूममध्ये जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवल्या. ब्रोकर म्हणाला, "साहेब, फोटो मस्त येतात." आठवड्यात भाडेकरू मिळाला.

सहा महिन्यांनी खालच्या काकूंचा फोन आला. लेकीचं लग्न ठरलेलं, घराला नुकताच रंग दिलेला, दुसऱ्या दिवशी केळवणाला माणसं यायची, आणि बाथरूमलगतच्या भिंतीला हातभर ओल. मी म्हणालो, "पाहतो." ते 'पाहतो' पाच महिने चाललं. भाडेकरूचं कुटुंब राहत असताना एकुलतं एक बाथरूम फोडणार कसं? लग्नघर त्या ओल्या भिंतीसकट सजलं. काकू वाकडा शब्द बोलल्या नाहीत, पण जिन्यात भेटल्यावर हसेनाशा झाल्या. मला ते फार लागलं. आपल्या उपविधींप्रमाणेही बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती सभासदानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची असते.

११ महिन्यांचा करार संपल्यावर सगळं मुळापासून केलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय.

पहिलं पाणी. जुन्या टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग, नवा नहाणी ट्रॅप, गंजलेल्या जीआय पाइपांऐवजी सीपीव्हीसी. टाइल्स बसवण्याआधी दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. मी काकूंना सोबत घेऊनच बघितलं.

दुसरं वीज. गिझर आणि एसीला स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. भाडेकरूची लहान मुलं त्या घरात वावरणार, इथे काटकसर नको.

तिसरं किचन. मॉड्युलरचा हिशोब मी बँकवाल्यासारखा मांडला. खर्च १,२०,००० आणि भाडं वाढणार महिना १,०००. म्हणजे नुसतं मुद्दल वसूल व्हायला १२० महिने, दहा वर्षं! आईच्या वेळचा ग्रॅनाइटचा ओटा आणि कडप्प्याची मांडणी तशीच ठेवली, फक्त सिंक आणि नळ बदलले. कडप्पा पाण्याने फुगत नाही.

रंग शेवटी. सगळ्या खोल्यांना एकच फिकट शेड, तिचा नंबर डायरीत लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी एकच भिंत रंगवली तरी जुळते. आणि खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, कपडे वाळत घालायची सोय. भाडेकरू टिकतो तो अशा गोष्टींनी. घर एक महिना रिकामं राहिलं, तर वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा गेला.

अजून एक. आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीला पन्नास हजार घाला नाहीतर पाच लाख, ती बदलत नाही. तेव्हा 'टॅक्समध्ये निघेल' म्हणून खर्च वाढवू नका. आणि लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, ती ब्रोकरवर सोडू नका.

सभासदांना एकच विनंती. कामाला हात लावण्याआधी कमिटीला पत्र द्या, ते आपण देतोच. पण एक मजला खाली उतरून बेलही वाजवा. भाडेकरू येतील-जातील, खालचा शेजारी तोच राहणार आहे.

काकू आज समोरच बसल्यात. त्या फ्लॅटची जादा किल्ली आता त्यांच्याकडेच असते.