चौकशीची खुर्ची आणि चार अगती
(नाशिक येथे शासकीय व निमशासकीय सेवकांपुढे एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी पुष्कळजण सरकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत किंवा एखाद्या महामंडळात नोकरीस आहेत. जे स्वतः नाहीत, त्यांच्या घरातील बाप, भाऊ किंवा लेक तरी नोकरीत आहे. तेव्हा खातेनिहाय चौकशी म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको. मी व्यवसायाने वकील आहे. परंतु आज वकील म्हणून बोलणार नाही. सेवकांच्या चौकशीचे काम ज्याच्याकडे सोपविले गेले, असा चौकशी अधिकारी म्हणून बोलणार आहे. त्या खुर्चीवरून मला काय दिसले आणि त्या खुर्चीवर बसून माझ्या हातून काय चुकले, हे आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाऱ्हाणे मांडणे म्हणजे उद्धटपणा, असे आपल्या सेवकांना अजून वाटते. नोकरी मिळाली हेच पुष्कळ झाले, आता तोंड कशाला उघडावे, असे घरची वडील माणसेही सांगतात. त्यांनी आपल्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या क्रमांकाचे लेणे पाहावे. तेथे गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यवर्ष २४ मधील आज्ञा कोरलेली आहे. भिक्षुसंघास पूर्वी काखडी नावाच्या गावी शेत दिलेले होते. पण ते गाव वसलेले नव्हते आणि शेतही कसले जात नव्हते. म्हणून गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा झाली की, त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजाच्या शेतातून १०० निवर्तने जमीन भिक्षूंना द्यावी. यावरून दोन गोष्टी उमगतात. दिलेले शेत पडीक असेल तर ते दिले असे होत नाही, हे राजालाही मान्य करावे लागले. आणि चूक दुरुस्त केल्याने राजाची अब्रू गेली नाही. उलट ती दुरुस्ती त्याने दगडावर कोरून ठेवली.

परमपूज्य बाबासाहेबांची रीतही हीच होती. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत असता कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर लांबून कागद फेकीत. त्या अपमानाची दाद लागली नाही. नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. तेच बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे लेखी निवेदन त्यांनी सरकारपुढे ठेवले. आणि १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत शेकडा ८⅓ जागा राखून ठेवण्यात आल्या. गाऱ्हाणे त्यांनी कुजबुजीत ठेवले नाही. ते कागदावर उतरवून सरकारपुढे मांडले.

आता कायदा पाहू. घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्राच्या वा राज्याच्या मुलकी सेवकास दोषारोप कळविल्यावाचून आणि बचावाची वाजवी संधी दिल्यावाचून बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. त्यास अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत. वाजवी संधी म्हणजे काय, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने खेमचंद प्रकरणी १९५७ मध्ये केला. आरोप नाकारण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची, स्वतःची व आपल्या बाजूच्या साक्षीदारांची जबानी देण्याची संधी तीत येते. त्याच वर्षी महंमद नूह प्रकरणात, जो चौकशी करतो त्यानेच साक्षीदार होऊ नये, हे तत्त्व ठरले. चौकशी अहवालाची प्रत सेवकास मिळालीच पाहिजे आणि तीवर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे १९९३ मध्ये करुणाकर प्रकरणात निश्चित झाले. आपल्या राज्यात शासकीय सेवकांसाठी १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत; स्थानिक संस्था व महामंडळे यांचे नियम वेगळे असले, तरी दुसरी बाजू ऐकल्यावाचून शिक्षा नाही, हे तत्त्व त्यांनाही सुटलेले नाही.

बौद्धांना हे तत्त्व परके वाटू नये. संघातील वाद मिटविण्याचे सात मार्ग विनयात सांगितले आहेत. त्यांतील पहिला सम्मुखाविनय. ज्याच्याविरुद्ध आरोप आहे त्याच्या समक्षच निर्णय करावा, पाठीमागे करू नये, असा त्याचा अर्थ. आणि निर्णय करणाऱ्याने कोणत्या आडवाटांनी जाऊ नये, हेही भगवान बुद्धांनी सांगून ठेवले आहे. त्या चार अगती होत : छंद म्हणजे आपलेपणाचा पक्षपात, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान, आणि भय.

आपल्या समाजातून जे अधिकारपदास पोहोचले, त्यांच्यावर पहिल्या अगतीचा आळ नेहमी घेतला जातो. माझा अनुभव निराळा आहे. आपला अधिकारी छंदाने क्वचित घसरतो. तो घसरतो भयाने. मीही तसाच घसरलो.

संस्थेचे वा व्यक्तीचे नाव सांगणे उचित नाही. एका सार्वजनिक संस्थेतील एक कनिष्ठ लिपिक माझ्यासमोर आला. तो बौद्ध होता. त्याच्यावर दोन आरोप होते : रजेचा अर्ज न देता गैरहजर राहिला, आणि त्याच्या ताब्यातील एक नोंदवही हरविली. पहिल्याच तारखेस त्याने दप्तर पाहण्यासाठी आणि बचाव सहायक आणण्यासाठी पंधरा दिवस मागितले. सादरकर्ता अधिकाऱ्याने हरकत घेतली. त्याआधी घटकाभरापूर्वीच व्हरांड्यात कोणी बोललेले माझ्या कानी आले होते : “आता काय, साहेब त्यांच्यातलेच आहेत!” मी मुदत नाकारली आणि त्याच दिवशी पहिल्या साक्षीदाराची जबानी घेतली. लिपिकाने एकट्याने, अडखळत, उलटतपासणी केली. मी मात्र मनात समाधान मानले की, आता आपणांस पक्षपाती म्हणण्यास कोणास जागा उरली नाही.

रात्री दुसऱ्या एका चौकशीचा रोजनामा चाळत होतो. त्यात माझ्याच हस्ताक्षरात आढळले की, दोन आठवड्यांपूर्वी सवर्ण समाजातील एका सेवकास मी तेवढीच मुदत तेवढ्याच कारणासाठी एका वाक्यात दिली होती. माझी मान खाली गेली. एकाला जे हक्क म्हणून दिले, ते दुसऱ्याला केवळ तो माझ्या समाजाचा म्हणून मी नाकारले होते. जातीच्या नावाने नाकारणे यालाच म्हणतात ना? मग नाकारणाऱ्याची जात कोणती, याने काय फरक पडतो?

पुढील तारखेस मी रोजनाम्यात लिहिले की, मुदत नाकारण्यात माझी चूक झाली. दप्तर पाहण्याची परवानगी दिली आणि त्या साक्षीदारास फेरउलटतपासणीसाठी पुन्हा बोलाविले. दप्तर पाहता आवक नोंदवहीत त्या रजेच्या अर्जाची क्रमांकासह नोंद सापडली. पहिला आरोप कोसळला. हरविलेल्या नोंदवहीचा आरोप मात्र पुराव्याने शाबीत झाला, आणि तो शाबीत झाला असेच मी अहवालात लिहिले. त्यावर आपल्याच समाजातील एक वयस्कर गृहस्थ घरी येऊन म्हणाले, “वकीलसाहेब, मग आमच्या लेकराला तुमचा उपयोग काय?” मी त्यांना म्हणालो, “बाबा, खोट्या आरोपातून तो सुटला, हा उपयोग. खऱ्या आरोपातून मी सोडविला असता, तर उद्या त्याच्या खऱ्या सुटकेवरही कोणी विश्वास ठेवला नसता.” त्यांचे समाधान झाले नाही. परंतु माझे उत्तर आजही तेच आहे.

म्हणून सेवक बंधु-भगिनींनो, खुर्चीवर कोण बसला आहे, याच्या भरवशावर राहू नका; आपल्या कागदाच्या भरवशावर राहा. अर्ज दिला की त्याची पोच घ्या. दोषारोपपत्र आले की घाबरून सही करून मोकळे होऊ नका. मुदतीत लेखी उत्तर द्या, आधाराची कागदपत्रे मागा, बचाव सहायक निवडा. समोरचा सादरकर्ता कायद्याचा जाणकार असेल, तर वकील देण्याची मागणी लेखी करा. मुंबई बंदराच्या नाडकर्णी प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी रास्त ठरविली आहे. निलंबित असाल आणि निर्वाह भत्ता मिळत नसेल, तर तेही लिहून कळवा. उपाशी माणसाला तारखेस बोलाविणे ही संधी नव्हे. रागाने गैरहजर मात्र राहू नका; एकतर्फी चौकशीत सत्यही मुके होते. राज्य शासनाच्या सेवकांसाठी १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. खात्याकडील अपील आटोपल्यावर तेथे जाण्यास अंतिम आदेशापासून सामान्यतः एक वर्षाची मुदत असते. ती दवडू नका.

आणि जे आपले बांधव अधिकारपदावर आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, आपलेपणाने झुकू नका, तसे भयानेही झुकू नका. प्रत्येक आदेशाखाली कारण लिहा. जे कारण लिहावयास लाज वाटते, ते कारण नव्हेच.

याच नाशकात २ मार्च १९३० रोजी आपल्या वाडवडिलांनी काळाराम मंदिराच्या दारापुढे सत्याग्रह आरंभिला. दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. त्यांचे म्हणणे ऐकून घेणारी खुर्ची तेव्हा नव्हती. आज ती आहे, आणि कधी कधी तीवर आपलाच माणूस बसतो. तिच्यापुढे उभे राहणाऱ्या प्रत्येकाचे, तो कोणत्याही जातीचा असो, म्हणणे पुरते ऐकून घेतले जाईल, एवढे जरी आपण केले, तरी त्या बंद दाराला आपण योग्य उत्तर दिले असे होईल.

जय भीम.