घरी परतल्यानंतरचा खर्च



दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेला ज्येष्ठ रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा कुटुंब निःश्वास टाकते. परंतु खर्चाचे दुसरे पर्व तेथूनच सुरू होते.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘आयुष्मान भारत’ योजना ७० वर्षे व त्यावरील सर्वांना खुली झाली. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. मात्र घरी सोडल्यानंतरच्या औषधांची तरतूद केवळ १५ दिवसांची. हृदयविकाराची गोळी तर आजन्म! फेरतपासणी, पथ्य, भुसावळ-जळगावच्या खेपा, हा भार तुटपुंज्या मिळकतीवरच पडतो. मग काटकसर म्हणून गोळीच टाळली जाते आणि रुग्णालयाची पायरी पुन्हा चढावी लागते.

म्हणून घरी निघतानाच डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत, जनऔषधी केंद्र गाठावे. जेथे मुले दूर आहेत, तेथे शेजारधर्म जागवावा.